डाव्या दिव्याची वाटी

अहो, गाडी गेली. काल दुपारी ती विकत घेणारे पाथर्डीचे टेम्पोवाले आले, भावकीतल्या किसनभाऊजींनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि तुमची व्हॅन अंगणातून बाहेर पडली. मी आत कोपऱ्यात बसून नुसता आवाज ऐकला. दुसरा गिअर त्यांनी तुमच्यासारखा अलगद टाकला नाही, खर्रकन ओढला. मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. डाव्या दिव्याचं मी काय केलं ते तुम्हाला ऐकायचं असणार, पण ते शेवटी सांगते. आधी मला थोडं भांडायचं आहे. जिवंत होतात तेव्हा भांडण अर्धं टाकून गाडीखाली शिरायचात. आता कुठं शिराल?

तेरावा झाला. रडायला येणाऱ्या बायका कमी झाल्या, मी मात्र कोपऱ्यातच आहे. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडायचं नाही असं भावकीनं सांगितलंय. त्यानंतर बाहेर पडून जायचं कुठं, ते कुणी सांगितलेलं नाही. खिडकीला तुम्हीच हौसेनं बसवलेले गज आहेत. त्यातून अंगण दिसतं, पलीकडची रिकाम्या गोठ्याची भिंत दिसते, आणि कालपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी असलेली गाडी दिसायची. ती आणि मी, दोघी एकाच जागी खिळून बसलो होतो. ती सुटली.

यंदा सगळं गावच कुठं ना कुठं गेलंय. दिवाळी झाल्यावर गाड्या जुंपून निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, उरलेलं दुष्काळी कामावर खडी फोडतंय. विहिरीचं पाणीसुद्धा गेलं. माझा भाऊ दहाव्याला आला होता, मला न्यायचं म्हणून. जाताना पायरीवर घुटमळला आणि म्हणाला, "ताई, पाऊस पडला की न्यायला येतो." त्याच्या घरात खाणारी तोंडं किती आणि धान्य किती हे मला ठाऊक आहे. मीच म्हटलं, "सावकाश ये." तो सुटल्यासारखा निघाला. आपल्याला मूलबाळ नाही, म्हणजे मला धरून ठेवणारं इथं कुणी नाही आणि सोडवणारंही कुणी नाही. आत्याबाई आहेत, तुमची आई. त्या ओसरीवर आणि मी आत. मधे उंबरा.

तर भांडण.

गाडीच्या दिव्यांचं काम माझ्याकडं आलं ते माझ्या बारीक हातामुळं. लग्न होऊन आले त्याच महिन्यात तुम्ही बल्ब बदलायला म्हणून दिव्याच्या मागच्या फटीत पंजा घातलात आणि तो अडकवून बसलात. "आये, त्याल आन," म्हणून ओरडत होतात. आत्याबाईंचा गाडीवर राग. गाडीपायी बैलं विकली, हे त्यांनी तुम्हाला कधी विसरू दिलं नाही. त्या ओसरीवरनं हलल्या नाहीत. "बैलाच्या पाठीवर हात ठिवला आसतास तर आडाकला नसता," एवढंच म्हणाल्या. तेल मी आणलं. हात निघाला, मनगट सोलून. मग तुम्ही माझ्या हाताकडं बघितलंत. बघितलंत म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच नीट बघितलंत. म्हणालात, "तुजा जातोय का बग आत." गेला. मला वाटलं होतं, हात बघून काहीतरी गोड बोलाल.

तेव्हापासून दर आठवड्याला एकदा मी गाडीपुढं आणि तुम्ही माझ्या डोक्यावर उभे. काचेभोवतीच्या रिंगचा खालचा स्क्रू काढायचा आणि पदराच्या गाठीत बांधायचा, कारण मातीत पडला की सापडत नाही. काच कोरड्या फडक्यानं पुसायची. बल्बामागच्या चकचकीत वाटीला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची, फार तर कापूस फिरवायचा. बल्ब काचेला धरायचा नाही, खालच्या पत्र्याच्या कॉलरला धरायचा. मी घट्ट धरला की तुम्ही म्हणायचात, "आगं, बल्ब हाय त्यो, वांगं न्हाई दाबून बगायला." गेलेला बल्ब कानाशी धरून हलवायचा. तार तुटली असली की आत बारीक किणकिण होते. ती किणकिण मला आवडायची, म्हणून मी तोच तोच बल्ब कितीदा तरी हलवून बघायची आणि तुम्ही म्हणायचात, "मेलेल्याला किती हालीवशील?"

आणि एक सांगायचात, "दिवा लागंना म्हंजी बल्बच गेला आसं न्हाई. आदी वायर बग, मंग होल्डर घासून बग, मंग बल्बाला नाव ठिव." हे तुम्ही बल्बाबद्दल सांगितलंत, मी ते आत्याबाईंच्या बाबतीतही पाळलं. त्या चिडल्या की आधी चहा झालाय का बघायची, मग पाय दुखतायत का विचारायची. बहुतेक वेळा तेवढ्यात काम भागायचं.

सगळं बसवून झालं की खरी मजा. गोठ्याच्या भिंतीवर तुम्ही गेरूनं दोन फुल्या काढल्या होत्या, एकेका दिव्याची एकेक. उजेडाचा गोळा बरोब्बर फुलीवर पडला पाहिजे, म्हणजे घाटात रस्ता नीट दिसतो, नाहीतर दिवे झाडांचे शेंडे दाखवतात. आत्याबाई दर सणाला भिंत सारवून तुमच्या फुल्या पुसायच्या आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचात. दोघांपैकी कुणीही त्यावर एक शब्द बोलायचं नाही. दिवे जुळवताना तुम्ही पुढं वाकलेले, आणि मी वर ड्रायव्हरच्या जागेवर. पायाखाली ते बटण. तुम्ही म्हणायचात "अपर", मी दाबायची, लांबचा उजेड. "डिपर", पुन्हा दाबायची, जवळचा. स्टिअरिंगवर हात ठेवून मी समोर बघायची. समोर काय, शेणानं सारवलेली भिंत. पण वरून बघताना मला वाटायचं, ही भिंत आत्ता बाजूला होईल.

मी विचारलं होतं, गाडी कधी शिकवणार? तुम्ही म्हणालात, "आदी दिवं शिक, मंग गाडी." दिवे शिकले. मग म्हणालात, पुढच्या दसऱ्याला. तो दसरा गेला. मग म्हणालात, लोक काय म्हणतील. लोक तेव्हा कुठं होते, जेव्हा मी भर दुपारी तुमच्या गाडीच्या नाकात हात घालून उभी असायची? गाडी उभी असली की स्टिअरिंगपाशी मी, चालायला लागली की मी खाली. याचा मला राग होता, अजून आहे, तुम्ही मेलात म्हणून मी तो सोडणार नाही. शिकवली असतीत तरी मला ती कुणी चालवू दिली असती असं नाही, ते मलाही कळतं. पण मग लोकांनी अडवलं म्हणून बसले असते. आता येत नाही म्हणून बसले आहे. या दोन बसण्यांत फरक आहे, आणि तो तुम्हाला कळत होता.

बरं, आता वाटी.

वाटीचं झालं ते लढाईच्या वर्षीच्या दसऱ्याला. डाव्या दिव्यात धूळ शिरली होती म्हणून तुम्ही रिंग, काच, सगळं सोडवलंत, आतली वाटी काढून ओसरीवर ठेवलीत आणि चहा प्यायला पारावर गेलात. मी पाण्याला गेले होते. ओसरीवर आत्याबाई दसऱ्याची भांडी घासत बसल्या होत्या, समई, तांब्या, आरतीचं ताट. त्यांना वाटलं, हेही घासायचंच. चांदीसारखं भांडं, मधे जरा काळपट. त्यांनी चिंच लावली, राख घेतली आणि मनापासून घासलं. गाडीचा राग असला तरी दसऱ्याला भांडं काळं ठेवतील अशा त्या नव्हेत. आपण दोघं परत आलो तेव्हा ती वाटी समईशेजारी उपडी ठेवलेली होती. तुम्ही उचललीत, आत बघितलंत आणि खालीच बसलात.

"आये, आगं त्यो आरसा हुता!"

"मंग आरशाला येवडी काजळी कशापायी धरू दिलीस?" आत्याबाई म्हणाल्या.

तुम्ही तोंडाला उपरणं लावून हसायला लागलात. मला वाटलं रडताय. मग मीही हसले, आणि आत्याबाई दोन दिवस आपल्या दोघांशी बोलल्या नाहीत.

वाटीची झिलई गेली ती गेलीच. बसवली परत, पण तेव्हापासून उजवा दिवा पांढरा आणि डावा हळदीच्या पाण्यासारखा. पारावरची माणसं म्हणायची, गाडीला मोतीबिंदू झाला. नगरातल्या दुकानात तशी वाटी मिळेना, आणि तुम्हालाही घाई नव्हती. घाट तुम्हाला तळहातासारखा पाठ होता.

इथं मी तुम्हाला ते सांगते, जे कधी सांगितलं नाही.

तुम्ही रोज सकाळी नगरला जायचात आणि पाथर्डीच्या दुकानांचा माल भरून दिवेलागणीला परत यायचात, माल रात्री घरी, सकाळी आधी पाथर्डीला टाकायचा, मग नगर. अंगणातनं आणि खिडकीतनं घाट दिसतो. संध्याकाळी वरून गाड्या उतरायच्या, ट्रक, एसटी, जीप, सगळ्यांचे दोन दोन पांढरे ठिपके. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्यातला प्रत्येक ठिपका तुमचा समजायची. तवा ठेवायची, गाडी दारावरनं निघून जायची, तवा उतरवायची. आत्याबाई म्हणायच्या, हिला सरपण लई झालंय. वाटी घासली गेली आणि माझा तो जाच संपला. एक पांढरा, एक पिवळा, घाटाच्या वरच्या वळणावर दिसला की मला कळायचं. तिथून घरी पोचायला तुम्हाला तीन भाकरी लागायच्या. तिसरी तव्यावरनं उतरायची आणि तुमचा हॉर्न वाजायचा.

मधे लढाई सुरू झाली. नगरात लष्कराची एवढी माणसं, दिव्यांना वरून काळं फासायचा हुकूम निघाला. तुम्ही रंगाचा डबा घेऊन बसलात आणि मी म्हटलं, "गाडीला तीट लावताय का?" हसायला हसले, पण त्या दिवसांत घाटात काही दिसायचं नाही. तुम्ही कुठवर आलात, आलात की नाही, दारात गाडी उभी राहीपर्यंत कळायचं नाही. तेव्हा मला समजलं की मी दिवसभर कशावर जगते. लढाई संपल्यावर रंग मी नखांनी खरवडून काढला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, आगं पत्र्याचा तुकडा घे. तो आणायला जायचा धीर नव्हता मला.

यंदा संक्रांतीच्या आधी तुम्ही नगरहून नवी वाटी घेऊन आलात. एवढा आनंद झालेला, जसं काही माझ्यासाठी पाटल्या आणल्यात. कागदातनं काढून दाखवलीत, तिच्यात तुमचं नाक केवढं मोठं दिसलं. म्हणालात, उद्या बसवू. मी म्हटलं, उद्या अमावस्या. मग म्हटलं, आज वारा फार आहे, धूळ आत जाईल. मग म्हटलं, स्क्रू गंजलाय, त्याला रात्रभर रॉकेल लावून ठेवू. वाटी मी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवून दिली. जुनी राहिली तर बिघडतं कुठं, एवढंच म्हणत राहिले. खरं कारण सांगितलं असतं तर तुम्ही गालात हसला असतात आणि चारचौघांत मला चिडवलं असतंत, म्हणून नाही सांगितलं. पण तुम्हीही फार जोर केला नाहीत. एरवी एक नट ढिला असला तर जेवण अर्धं टाकून उठणारा माणूस, एवढी हौसेनं आणलेली वाटी ट्रंकेत राहू देतो? तुम्हाला ठाऊक होतं का हो? आता हे मी कुणाला विचारू?

त्या संध्याकाळी वरच्या वळणावर एक पांढरा आणि एक पिवळा दिसला. मी तवा ठेवला. तिसरी भाकरी उतरली, हॉर्न नाही वाजला, पण गाडी अंगणात आली, भिंतीसमोर उभी राहिली. इंजिन बंद झालं. दिवे चालूच. दोन्ही गोळे फुल्यांवर. मला वाटलं, बसल्या जागेवरनं दिवे जुळतायत का बघताय. मी ओरडून म्हटलं, "आवं, ब्याटरी उतरंल." चौथी टाकली. ती करपली तेव्हा मी बाहेर आले. तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून समोर भिंतीकडं बघत होतात, मी बघायची तसे. दिवे मी बंद केले. दिव्यांचं बटण कुठं आहे ते मला अंधारातही माहीत होतं.

घाट उतरून, गाडी दारात लावून, मग गेलात. सगळे म्हणतात केवढं पुण्य. मलाही कधी कधी तसं वाटतं, की निदान घरी आलात, वाटेत कुठं अडकला नाहीत. आणि कधी कधी वाटतं, एवढं आलात तर खाली उतरायला काय झालं होतं.

किसनभाऊजींनी गाडी द्यायचं ठरवलं त्यात त्यांचं चूक नाही. त्यांना शेत आहे, त्यांना चालवता येत नाही. बाहेरचा ड्रायव्हर ठेवायचा तर तो दोन विधवांच्या दारात रोज दिवेलागणीला येणार, ते भावकीला चालणार नाही. हे सगळं माझ्या कानावर भिंतीपलीकडनं आलं. मला एकच बोलायचं होतं, की द्यायची तर लांब द्या, राहुरीला द्या, कुठंही द्या. पण घेणारे निघाले पाथर्डीचे. तीच दुकानं, तोच माल, तोच घाट, तीच वेळ. आता उठून पुरुषांच्यात जाऊन काय सांगणार होते? भाऊजी, यांना देऊ नका, मला दिवे ओळखू येतात?

विचार करून बघा. रोज दिवेलागणीला वरच्या वळणावर एक पांढरा आणि एक पिवळा दिसणार. माझा हात तव्याकडं जाणार. गाडी उतरणार, दारावरनं पुढं निघून जाणार. उद्या, परवा, गाडी मोडीत निघेपर्यंत. आणि तुम्ही ती मोडीत निघणार नाही अशी राखली होतीत. मला कुठं पळूनही जाता येत नाही, खिडकीतनंच दिसणार ते. एकच वाट होती. ट्रंकेतली वाटी. पण ती बसवली की तुमचे दिवे या घाटातनं कायमचे गेले. ते घालवायला माझाच हात लागायचा, हे मला सोसत नव्हतं. दोन दिवस मी ट्रंकेकडं पाठ करून बसले.

शेवटी भाऊजींच्या एका बोलण्यानं ठरलं. ते कुणाला तरी सांगत होते की नव्या मालकानं आजवर शेवगावकडच्या सपाट रस्त्यानं गाडी चालवलीय, घाट त्याला नवा आहे. तुम्हाला डावी कड न बघता कळायची. त्याला कशी कळणार? हळदीच्या पाण्यात त्याला दरी दिसायची नाही. त्याच्याही घरी कुणीतरी तवा ठेवत असेल.

परवा तेराव्याची पंगत उठली, पाहुणे गेले, भाऊजी पाथर्डीला गेले. दिवस मावळला तशी मी ट्रंक उघडली आणि उंबरा ओलांडला. इतक्या दिवसांनी पायाला अंगणातली माती लागली. आत्याबाई ओसरीवर होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी काठी जवळ ओढली. मी दिव्यापुढं बसले. रिंगवर दसऱ्याला मी लावलेलं हळदकुंकू अजून होतं, कडेच्या खोबणीत वाळलेलं. माझ्या कपाळावरचं तेरा दिवसांपूर्वी पुसलं, गाडीचं तसंच होतं. ते मी नाही पुसलं. स्क्रू काढला, पदराच्या गाठीत बांधला. काच काढली. जुनी वाटी हातात आली. आत आत्याबाईंच्या राखेचे गोल गोल ओरखडे, अगदी समईवर असतात तसे.

मागं काठी वाजली.

"ती वाटी कशाला काडतीस?"

"नवी बसवते, आत्याबाई. उद्या गाडी जायाचीय. त्या मानसाला घाट ठाऊक न्हाई."

 मला वाटलं गेल्या. मी बल्ब कॉलरला धरून बाजूला काढला, फडक्यावर ठेवला. मग त्या म्हणाल्या, "आन मंग आमाला कसं कळायचं?"

"काय कळायचं?"

"त्यो आला म्हनून."

अहो, एवढी वर्षं मला वाटायचं, घाटाकडं मीच बघते. आत्याबाई ओसरीवर खांबाला टेकून बसायच्या, डोळे मिटून, हातात माळ. वरच्या वळणावर पिवळा दिवा आला की त्या माळ खाली ठेवायच्या आणि पायावर पाणी घ्यायला उठायच्या. मी समजायची, जप संपला.

मी म्हटलं, "आत्याबाई, ते आता येनार न्हाईत."

हे मी पहिल्यांदा तोंडानं बोलले. तुमचं प्रेत दारात असताना बोलले नव्हते. आत्याबाईंनी काठी गाडीला टेकवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं रडल्या. मीही रडले. तुम्ही गेल्यापासून आम्ही दोघी वेगवेगळ्या खोलीत रडत होतो. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बसव. रोज यील आन दारात थांबायचा न्हाई, त्ये बगवनार न्हाई मला."

नवी वाटी बसवली. आता जुळवायचं कसं? मी पुढं, तर वर कोण? ज्या गाडीला आत्याबाईंनी उभ्या जन्मात पाय लावला नव्हता, त्या गाडीत मी त्यांना धरून चढवलं. ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. त्या स्टिअरिंगला हात लावायला तयार नाहीत, विटाळ झाल्यासारखे दोन्ही हात वर धरून बसल्या. मी चावी फिरवली, दिवे लावले आणि पुढं आले.

"दाबा, आत्याबाई!"

"कुटं दाबू?"

"डाव्या पायाखाली बटन हाय!"

त्या खाली वाकून बघायला गेल्या तर कोपर भलतीकडंच लागलं, हॉर्न वाजला. त्या दचकल्या, मी दचकले, आणि मग अहो, त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, अगदी तुमच्यासारख्या. मग पायाखालचं बटण दाबलं. अपर. गोठ्याच्या भिंतीवर दोन गोळे उमटले. दोन्ही पांढरे, दोन्ही सारखे. डावा जरा वर होता, मी स्क्रू पिळून फुलीवर आणला. आत्याबाई वरून बघत होत्या. म्हणाल्या, "हितनं तर समदं दिसतंय गं." मी विचारलं नाही त्यांना काय दिसलं.

जुनी वाटी त्यांनी टाकू दिली नाही. तुमच्या नावानं लावलेला दिवा वाऱ्यानं सारखा विझतो. यंदा वाराच एवढा सुटलाय, नुसती धूळ. आत्याबाईंनी ती वाटी दिव्यामागं उभी केली, आडोशाला. दिवा आता विझत नाही. आणि तिचा पिवळा उजेड उंबऱ्यापर्यंत येतो, माझ्या कोपऱ्यातही थोडा येतो. त्याबद्दल तुमचे, तुमच्या आईचे आणि चिंचेचे उपकार मानते. गाडी शिकवली नाहीत त्याबद्दल मानत नाही.

तर हे असं केलं मी. मला वाटलं, सुटले.

काल संध्याकाळी आत्याबाई ओसरीवर बसल्या, मी आत चुलीपाशी. कुणीच घाटाकडं बघायचं नाही असं मनाशी धरलं होतं. दिवेलागण झाली. आत्याबाईंनी हळूच हाक मारली, "आगं, वर दोन दिवं हायेत." मी उठून खिडकीशी गेले. दोन पांढरे. उतरत आले, रस्त्यानं पुढं गेले. एसटी होती. मग आणखी दोन आले. पांढरे. "ही आसंल," आत्याबाई म्हणाल्या. तीही गेली, कसली होती कळलं नाही. मग आणखी दोन.

अहो, पिवळा दिवा होता तेव्हा निदान एकाच गाडीची वाट बघायची होती. आता घाटातनं उतरणारी कुठलीही गाडी तुमची असू शकते, आणि गाड्या तर उतरतच असतात.

आज पुन्हा अंधारून आलंय. आत्याबाईंनी माळ हातात घेतलीय. वरच्या वळणावर दोन दिवे दिसतायत, कुणाचे आहेत ते इथून सांगता येत नाही. मी तवा ठेवते.